पाच हजारांत स्वतःची जाहिरात: घरून लिहिणाऱ्यांनो, अनुभव सांगा

शाईचा_डाग · ९ मे
नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र काढली, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सांगलीत असते. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात तेरा वर्षं उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली, आम्ही सातजण एका दिवसात घरी आलो. गेले आठ महिने घरून लिहिते. भाषांतर, जाहिरातींचा मजकूर, मुद्रितशोधन, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणींचं शब्दांकन, मिळेल ते. सगळं जुन्या ओळखीतून आलेलं, आणि त्या ओळखी आता आटत चालल्यात. मार्चमध्ये साडेअकरा हजार मिळाले, एप्रिलमध्ये २,३००.

म्हणून जाहिरात करायची ठरवलंय. ५,००० रुपये बाजूला काढलेत, त्यापुढे एक रुपया नाही. डोक्यात तीन गोष्टी आहेत: वेबसाइट, फेसबुकवर पैसे भरून जाहिरात, आणि बऱ्यापैकी व्हिजिटिंग कार्डं. नवरा म्हणतो तिन्ही कर. भाऊ म्हणतो एकही नको, त्या पैशात गॅस भर. तुम्हाला कशातून खरंच काम मिळालं ते ऐकायचंय. "लिहीत राहा, यश आपोआप येईल" एवढं मात्र कृपया नको. ते मी स्वतः रविवार पुरवणीत शंभरदा छापलंय.

चहाबाज · ९ मे
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तूर्तास भावाचं ऐका.

रेघोटी · ९ मे
फेसबुकचं मी करून बसलेय, म्हणून तेवढंच सांगते. दोन वर्षांपूर्वी "मराठी मजकूर लिहून मिळेल" अशी पोस्ट पाच दिवस पैसे भरून चालवली. ९०० रुपये गेले. निरोप आले तेवीस. त्यातले एकोणीस "मॅडम, तुमच्याकडे लिहायचं काम आहे का?" असे. एक बारावीतल्या मुलीचा, तिला प्रकल्प लिहून हवा होता, फुकट. एका काकांना माझं गाव आणि आडनाव हवं होतं. उरले दोन. एकाने दर विचारला आणि गडप झाला. दुसरा अजून दर सणाला 'हाय' करतो.

चहाबाज · ९ मे
म्हणजे ९०० रुपयांत आयुष्यभराचा एक 'हाय'. महाग नाही पडला.

बोरूबहाद्दर · ९ मे
लेखन हा व्यवसाय नाही, साधना आहे. मराठीत लेखकाला मान मिळतो, धन नाही, म्हणून तर त्याला मानधन म्हणतात :)

रेघोटी · ९ मे
हा विनोद प्रत्येक धाग्यावर कोण पाठवतं, मला एकदा बघायचंय त्याला.

जुना_प्रूफवाला · १० मे
ताई, चौतीस वर्षं प्रुफं तपासली, त्यातली पहिली सहा शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात. त्या अनुभवावर एक सांगतो. ज्याला मजकूर लिहून हवा असतो तो लेखक शोधतच नाही. पैसे दिले की लिहून देणारा माणूस मिळतो, हेच त्याला ठाऊक नसतं. तो सरळ छापखान्यात जातो. पतसंस्थेचा सचिव, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्याध्यक्ष, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला गौरव अंक काढणारा जावई, सगळे डीटीपीवाल्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसतात आणि म्हणतात, "तेवढं मनोगत जरा तुम्हीच बघून घ्या." तो बिचारा पानं लावणार की मनोगत लिहिणार? मागच्या वर्षीच्या फायलीतलं उचलतो आणि नाव बदलतो. म्हणून तर दर अहवालात "सहकाराच्या पवित्र मंदिरात" सापडतं.

तेव्हा तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तो डीटीपीवाला. गावातले सात-आठ गाठा. कार्ड देऊ नका, कार्डं तो स्वतःच छापतो, त्याला त्याचं अप्रूप नाही. त्याच्याकडे पडलेला एखादा जुना अहवाल मागून घ्या. दोन पानं लाल पेनाने तपासा, एक परिच्छेद नव्याने लिहा आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्या. लाल झालेलं पान बघून तो आधी चिडेल. मग ते पान ड्रॉवरमध्ये ठेवेल. ड्रॉवरमध्ये गेलं की समजा काम झालं.

आणि वेळ साधा. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे अहवाल जुलै-ऑगस्टमध्ये छापायला पडतात. आत्ता गेलात तर तो लग्नपत्रिकांत बुडालेला असेल, मान वर करणार नाही. मृग लागला की जा.

पन्हाळ्याचा_पाऊस · १० मे
काका, नाद खुळा! आमच्या सोसायटीच्या अहवालात तीन वर्षं एकाच दिवंगत संचालकाला श्रद्धांजली वाहतायत. आता कळलं का ते.

चहाबाज · १० मे
माणूस मोठा असेल हो. एका वर्षात दुःख मावत नसेल.

अर्धविराम · १० मे
काकांचा पूर्ण मान राखून असहमत. स्कूटर काढून आठ दुकानं फिरणं सगळ्यांना जमत नाही. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती आणि मी अनोळखी माणसाशी बोलताना आजही घामाघूम होते.

मी ठाण्यात घरी बसून अ‍ॅपमधला आणि कंपन्यांचा मजकूर मराठीत करते. नऊ वर्षं झाली. यातली गंमत अशी की माझ्या गिऱ्हाइकाला मराठी येतच नाही. तो बसलेला असतो बंगळुरूला नाहीतर गुरुग्रामला. त्याला मराठीच्या जोडीने तमिळ, बंगाली, गुजराती असं सगळं हवं असतं, आणि काम देणारी बाई यातलं एकही अक्षर वाचू शकत नाही. तिच्यापुढे माझी ओघवती शैली काय कामाची? तिला कळतात तीन गोष्टी: वेळेवर देते का, मजकूर दिलेल्या जागेत मावतो का, आणि शंका आली तर विचारते का. त्यामुळे माझी लिंक्डइनची सगळी ओळख इंग्रजीत आहे आणि तिथे एक छोटा तक्ता लावलाय. डावीकडे मूळ इंग्रजी वाक्य, मध्ये यंत्राने केलेलं मराठी, उजवीकडे माझं, आणि शेवटी यंत्राचं का चुकलं ते दोन ओळींत, इंग्रजीतच. उदाहरणार्थ अ‍ॅपमध्ये 'चेक आउट'चं यंत्राने केलं होतं 'बाहेर तपासा'. न वाचता येणाऱ्या माणसालाही तिथे फरक कळतो. खर्च शून्य.

वेबसाइट मात्र हवी. मोठी नको. स्वतःच्या नावाचा पत्ता पहिल्या वर्षी हजाराच्या आत मिळतो (दुसऱ्या वर्षी दर वाढतो, ते आधी बघून घ्या), आणि त्यावर एकच पान. ईमेलच्या तळाशी तो पत्ता असला की माणूस टिकून आहे असं वाटतं.

जुना_प्रूफवाला · १० मे
अर्धविराम, तुमचं बरोबर आहे, ते माझ्या गावचं नव्हे एवढंच. 'बाहेर तपासा' मात्र डायरीत लिहून ठेवलं.

रेघोटी · १० मे
बाहेर तपासा! हसून हसून पुरेवाट.
आमच्या बँकेच्या एटीएमवर 'तुमची शिल्लक अपुरी आहे'च्या जागी 'तुम्ही अपुरे आहात' होतं. महिनाअखेरीला वाचलं तर खरंच वाटायचं.

तळटीप · ११ मे
पुस्तकांच्या धंद्यात आहे, त्यामुळे एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही आणि जी बहुतेक जण मागायला लाजतात. पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर प्रकाशक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रक अशी नावं असतात ना? तिथे 'शब्दांकन' किंवा 'मुद्रितशोधन' म्हणून आपलं नाव टाकायला सांगा. कोटेशन देतानाच सांगा, नंतर नाही. स्वखर्चाने पुस्तक काढणारा माणूस पाचशे प्रती छापतो आणि त्यातल्या साडेतीनशे नातेवाईक आणि मित्रांना वाटतो. ते सगळे त्याच्याच वयाचे, त्यांच्याकडेही आठवणी आहेत आणि थोडीफार पेन्शन आहे. तुमचं नाव नेमकं तिथे पोचतं जिथे पुढचं गिऱ्हाईक बसलंय. फेसबुकला हे नऊ हजारांतही जमणार नाही.

शाईचा_डाग · ११ मे
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. तळटीप, तुमचं वाचून पोटात कालवलं. मुख्याध्यापकांचं पुस्तक परवाच छापून आलं. माझं नाव कुठेच नाही. त्यांनी विचारलं होतं हो, मीच "छे छे, कशाला सर" म्हणाले.

तळटीप · ११ मे
"छे छे, कशाला" हा मराठी लेखकाचा सगळ्यात महागडा शब्दप्रयोग आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर टाकून घ्या.

चहाबाज · ११ मे
स्वखर्चाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती? आशावाद आवडला.

बोरूबहाद्दर · १२ मे
चांगल्या लेखनाला जाहिरात लागत नाही. दिवाळी अंकांत लिहा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक त्याच दारातून आत आलेत.

रेघोटी · १२ मे
कथा-कवितेसाठी खरंय. पण ताईंना पोटापाण्याचं काम हवंय. मी दोन वर्षं दिवाळी अंकांत लिहिलं. एकाने मानधन वेळेवर दिलं, एकाने अंक पाठवला, आणि एकाने माझ्याकडेच जाहिरात मागितली.

अर्धविराम · १२ मे
एक धोक्याची सूचना, ताई नव्या आहेत म्हणून. 'चाचणी' म्हणून फुकट भाषांतर मागणारे भेटतील. दोन-अडीचशे शब्दांपर्यंत ठीक आहे. माझ्याकडे एकदा बाराशे शब्दांची चाचणी आली, केली, उत्तर नाही. पुढे आमच्या ग्रुपवर कळलं की तिघींना एकाच पुस्तिकेची वेगवेगळी प्रकरणं 'चाचणी' म्हणून दिली होती. जोडली की पुस्तिका तयार. आता मी मजकुराच्या मधलाच एक तुकडा निवडते आणि तेवढाच करून देते. ज्याला खरंच चाचणी हवी असते त्याला ते चालतं.

जुना_प्रूफवाला · १२ मे
पण मग मी सांगितलेली लाल पेनाची दोन पानं हीसुद्धा फुकटातच की.

अर्धविराम · १२ मे
काका, फरक आहे. तुमच्या दोन पानांचा त्याला छापायला उपयोग नाही, तो अहवाल जुना झालाय. त्यातून तुमची नजर तेवढी दिसते. हेच तर हवं.

जुना_प्रूफवाला · १२ मे
मी नकळत हुशार निघालो म्हणायचं.

हिशेबनीस · १३ मे
उशिरा आलो, मार्चअखेर अजून अंगातून गेलेला नाही. जाहिरातीआधी वसुलीचं बघा. मिळवलेलं काम आणि मिळालेले पैसे यांत फार अंतर असतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, करून घ्या. सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे, बंद करा. फायदा असा: सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल तर तुमचं बिल लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर केला आणि वर्षअखेरीला ते थकीत राहिलं, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. हा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपनीचा हिशेब विभाग फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतःहून फोन करतो. माझ्या एका अशिलाला तीन वर्षांत पहिल्यांदा असा फोन आला, तर तो फसवणूक समजून कट केला.

आणि १० टक्के टीडीएस (बिल देतानाच कापून घेतलेला कर) कापला म्हणून रडू नका. वर्षभरात एकाच ठिकाणाहून ५०,००० च्या वर गेलात की कापतात. विवरणपत्र भरा, उत्पन्न करपात्र नसेल तर परत मिळतो. जीएसटीची चिंता वर्षाला २० लाखांच्या पुढे गेल्यावर.

चहाबाज · १३ मे
एप्रिलमध्ये २,३०० मिळालेल्या बाईला वीस लाखांची चिंता करू नका सांगणारा सीए. माणूस देवासारखा आहे.

मोडीत_निघालेला · १४ मे
जरा आडवाटेचं. मी मोडी वाचतो. पंधरा वर्षं हा छंद होता, बायकोच्या भाषेत खूळ. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी दप्तरं वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. मी कुठेही जाहिरात केली नव्हती. तालुक्याला मोडी वाचणारा कोण, असं विचारलं की दोन नावं निघायची, त्यातले एक गुरुजी ऐंशीचे. ती लाट ओसरली, पण जमिनीची जुनी कागदपत्रं आणि वतनाच्या सनदा घेऊन लोक अजून येतात. "मी सगळं लिहिते" म्हणणाऱ्या शंभर जणी असतील. शाईताई, तुम्हाला बातमीदारी सोडून आणखी काय येतं?

शाईचा_डाग · १४ मे
काय येतं... तेरा वर्षं द्राक्ष, बेदाणा आणि हळदीच्या बाजाराचं पान लावलं. सौदे, आवक, फवारण्या, निर्यातीचे नियम. त्याला कौशल्य म्हणतात का?

पन्हाळ्याचा_पाऊस · १४ मे
ओ ताई! औषध आणि खतांच्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचलीत का कधी? झाडाच्या पानांच्या विस्ताराला इंग्रजीत 'कॅनॉपी' म्हणतात, त्याचं 'झाडाच्या छत्रीवर फवारा' असं करून टाकलेलं असतंय. आमचे वडील विचारत होते, छत्री कशाला आणायची?

अर्धविराम · १४ मे
शाईताई, ही तुमच्या तक्त्याची पहिली ओळ. शेतीचं मराठी जमणारा माणूस बंगळुरूच्या त्या बाईला कुठेच सापडत नाही. शहरातले आम्ही 'विरळणी' आणि 'छाटणी' यांत घोळ घालतो. इंग्रजीत ओळख लिहिताना पहिल्याच वाक्यात द्राक्ष आणि हळद टाका, "अनुभवी लेखिका" नंतर.

जर्सीची_गाय · १५ मे
न्यू जर्सीहून. (नावावर विनोद झालेले आहेत, नवीन असेल तरच करा.) बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांची संघटना) अधिवेशनाच्या स्मरणिकेचं काम मी केलंय, ते सगळे स्वयंसेवक, तिथे पैशांची आशा नको. पण इथल्या घराघरांत आजी-आजोबांच्या वह्या आहेत. मुलांना बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या सासऱ्यांची वही आम्ही एका पुण्याच्या मुलीकडून टाइप करून आणि नीट लावून घेतली. तिने एक पान नमुना म्हणून पाठवलं होतं. त्यात समासात पेन्सिलीने लिहिलेली धोब्याची यादीही तिने तशीच ठेवली होती. ती बघून आम्ही तिला काम दिलं, दर नंतर विचारला.

काळाकोट · १६ मे
अवांतर, पण महत्त्वाचं. लेखी करार नसेल तर लेखनाचे हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. करार असला आणि त्यात मुदत लिहिलेली नसली तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. व्हॉट्सॲपवर "ओके मॅम डन" म्हणजे करार असं समजणाऱ्यांनी माझ्या ऑफिसात चहाला यावं.

चहाबाज · १६ मे
पत्ता द्या. मी दोन्हींसाठी येतो.

तळटीप · १७ मे
चर्चा फॉन्टवर जायच्या आधी एक: डीटीपीवाल्याला युनिकोडमध्ये फाइल दिलीत आणि त्याने ती श्रीलिपीत, म्हणजे छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये, बदलली की रफार आणि जोडाक्षरं तुटतात. छापायच्या आधी शेवटचं प्रूफ मीच बघणार, असं सांगून ठेवा. 'कार्याध्यक्ष'चा 'कायाध्यक्ष' झाला तर शिव्या लेखकालाच.

(यापुढचे एकवीस प्रतिसाद फॉन्टवरच गेले. संपादक मंडळाने वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

शाईचा_डाग · ४ ऑक्टोबर
धागा वर काढतेय, माफ करा. तुम्ही एवढं सांगितलंत तर हिशेब द्यायला हवा.

मृगानंतर बाहेर पडले. आठ डीटीपीवाले. तिघांनी बसायलाही सांगितलं नाही. एकाने लाल पान बघून "एवढ्या चुका आमच्याकडे होत नाहीत" म्हटलं, अहवाल त्याच्याच छापखान्यातला होता. दोघांनी नुसतं मुद्रितशोधन दिलं, पानाला बारा रुपये. उरलेल्या दोघांनी मात्र ऑगस्टमध्ये नाकी नऊ आणले. नऊ अहवाल आले, त्यातले चार मी पहिल्यापासून लिहिले. एक सचिव तर रात्री साडेदहाला घरी आले, हातात ताळेबंद आणि डोळ्यांत पाणी. जुलैत ९,४०० चं काम झालं, ऑगस्टमध्ये २१,६०० चं, सप्टेंबरात १४,२०० चं. त्यातले ६,००० अजून यायचे आहेत. हिशेबनीस, उद्यम क्रमांक टाकलाय, वाट बघतेय.

अर्धविराम, तुमचा तक्ता केला, छत्रीसकट. तीन महिने शुकशुकाट होता. गेल्या पंधरवड्यात ठिबक सिंचनाच्या माहितीपुस्तिकेची चाचणी आली, दोनशे शब्दांची. केली. अजून उत्तर नाही, पण त्यांना तसाच उचलून छापता येईल एवढा मजकूर नव्हता, त्यामुळे झोप लागते.

खर्च: पेट्रोल ७२०, झेरॉक्स आणि छपाई ३४०, वेबसाइटचा पत्ता ८४९. एकूण १,९०९. कार्डं छापली नाहीत. फेसबुकला हात लावला नाही. शिल्लक ३,०९१, आणि भाऊ अजून गॅसच म्हणतोय.

रेघोटी · ४ ऑक्टोबर
काय भारी! आणि तुमच्या नावाचं? श्रेयपान?

शाईचा_डाग · ४ ऑक्टोबर
चार अहवालांपैकी दोघांनी टाकलं. "मुद्रक" च्या खाली, एवढ्याशा टाइपात. आईने भिंगातून वाचलं.

जुना_प्रूफवाला · ५ ऑक्टोबर
शाब्बास. एकच विचारतो. चारही अहवाल तुम्ही लिहिलेत ना, मग ते "पवित्र मंदिर" गेलं का एकदाचं?

शाईचा_डाग · ५ ऑक्टोबर
तिघांतून गेलं, काका. चौथ्यात चेअरमन साहेबांनी स्वतःच्या हाताने परत घातलं. पान तीन, पहिली ओळ, ठळक टाइपात.